पराभवाच्या वाटेवरची तीर्थे : सीताबर्डी ते असीरगड

मोहगाव हे रणक्षेत्र म्हणून कोणी ओळखत नाही. सर्पा नदीचा काठ, अर्धनारीश्वराचे प्राचीन देवालय, सौंसर-पांढुर्णा परिसरातील संत्र्यांचे बगीचे आणि कपाशीची शेते एवढेच या भूमीचे चित्र बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि नकाशा पुढे घेऊन बसले, की एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. नागपुराहून उत्तरेकडे निघणाऱ्या दोन जुन्या वाटा या भागातून जातात. एक सावनेर, सौंसर, रामाकोना अशी सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला पोचते आणि पुढे तामियावरून महादेवाच्या डोंगरात शिरते. दुसरी पांढुर्ण्यावरून मुलताई आणि बैतूलकडे जाते. नागपूरकर भोसल्यांचे स्वतंत्र राज्य १८१७ ते १८१९ या काळात ज्या टप्प्यांनी लयाला गेले, ते सारे टप्पे या दोन वाटांच्या आधाराने पाहता येतात. पराभवाच्या या वाटेवरून आजही प्रवास करता येतो. प्रश्न एवढाच, की प्रवाशाला तेथे काय पाहायचे हे ठाऊक असते का?

रणभूमीची यात्रा

युद्धभूमी पाहायला जाणे ही कल्पना नवी नाही. १८१५ च्या जूनमध्ये वॉटर्लूची लढाई संपली आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधून प्रवाशांची रीघ तेथे लागली. सर वॉल्टर स्कॉटसारखा लेखकही त्यांत होता. पहिल्या महायुद्धानंतर या प्रवासाला शोकयात्रेचे रूप आले. ज्यांच्या मुलांचे देहही हाती लागले नाहीत, अशा आईबापांना निदान दगडावर कोरलेले नाव तरी पाहता यावे, म्हणून बेल्जियम आणि फ्रान्समध्ये प्रचंड स्मारके उभी राहिली. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर तर हजारो हिंदी सैनिकांची नावे आहेत. सेनापतीचे नाव मोठे आणि शिपायाचे नाव नाहीच, ही जुनी रीत त्या युद्धाने मोडली.

आपल्याकडे अशी परंपराच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातील आणि त्याच्या सीमेवरील कितीतरी गावांच्या वेशीपाशी वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, एवढ्या तीन चित्रांत एका मनुष्याच्या मरणाची कथा सांगून होते. त्यावर बहुधा नाव नसते. तो कोण होता हे गावाला माहीत आहे, असे गृहीत धरलेले असते; आणि गाव विसरले, की वीरही संपतो. दगड तेवढा शेंदूर लावून घेत देव होऊन उभा राहतो. नावाच्या आधारावाचून स्मृती किती काळ टिकते, हा प्रश्न वीरगळांपासून सीताबर्डीपर्यंत एकच आहे.

अडगाव आणि गाविलगड

या कथेचा आरंभ १८१७ मध्ये नव्हे, चौदा वर्षे आधी झाला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून जगभर गाजलेल्या या सेनापतीला उतारवयात त्याच्या सर्वोत्तम रणकर्तृत्वाविषयी विचारले असता, त्याने वॉटर्लूचे नव्हे तर असईचे नाव घेतले, अशी कथा प्रसिद्ध आहे. त्यानंतर २९ नोव्हेंबरला वऱ्हाडातील अडगावाजवळ, शिरसोलीच्या मैदानात, दुसरी लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत ती ‘आरगाव’ या नावाने येते. भोसल्यांच्या फौजेचे आधिपत्य रघुजीराजांचे बंधू व्यंकोजी उर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. मराठ्यांच्या तोफांनी आरंभी कंपनीच्या काही पलटणी उधळून लावल्या. परंतु वेलस्लीने त्या पुन्हा उभ्या केल्या आणि दिवस मावळता मावळता रण त्याच्या हाती आले.

अडगावाहून मागे हटलेल्यांपैकी पुष्कळ लोक गाविलगडाच्या आश्रयाला गेले. चिखलदऱ्याला जाणारा आजचा प्रवासी थंड हवा आणि दऱ्यांचे देखावे पाहून परततो. गडाच्या दरवाजावरील गंडभेरुंड पाहून तो थबकतो. पण कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने आपल्या जड तोफा डोंगरातून नवी वाट पाडीत किती कष्टाने वर ओढून नेल्या, हे त्याला कोणी सांगत नाही. १५ डिसेंबर १८०३ रोजी तटाला खिंडार पडले आणि हल्ला झाला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड आणि पूर्वेकडील कटक प्रांत भोसल्यांच्या हातून गेले. व्यंकोजींचा मुलगा मुधोजी, म्हणजेच पुढे इतिहासात गाजलेले आप्पासाहेब भोसले. बापाने अडगाव पाहिले आणि मुलाच्या वाट्याला सीताबर्डी आली.

सीताबर्डीची टेकडी

नागपूरच्या रेल्वे स्थानकाजवळ उभे राहिले, की सीताबर्डीचा किल्ला समोर दिसतो. वर्षातून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी तो सर्वसामान्यांसाठी उघडला जातो, कारण तेथे सैन्याचे ठाणे आहे. पुष्कळांची समजूत अशी असते, की हा भोसल्यांचा किल्ला आणि त्याला इंग्रजांनी वेढा घातला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लढाई झाली तेव्हा तेथे किल्ला नव्हताच. एक मोठी आणि एक लहान अशा दोन उघड्या टेकड्या होत्या, त्यांवर इंग्रजांनी घाईने मोर्चे धरले होते आणि हल्ला करणारे सैन्य नागपूरकरांचे होते. लढाई हरल्यावर ही जागा कंपनीला द्यावी लागली आणि मग विजेत्याने तेथे कोट बांधला. म्हणजे आज जे दिसते ते युद्धाचे साधन नसून युद्धाचे फळ आहे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांवर हत्यार उपसले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली खिलत आणि सेनापतिपद समारंभपूर्वक स्वीकारले. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने त्याचा अर्थ ओळखला. कर्नल हॉप्टन स्कॉटच्या हाताखाली त्याच्यापाशी सुमारे चौदाशे लोक होते : मद्रासच्या दोन पायदळ पलटणी, बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या आणि थोडा तोफखाना. समोर नागपूरची सुमारे अठरा हजारांची फौज आणि तीत अरबांची कडवी पथके. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळागोळी सुरू झाली ती रात्रभर चालली. २७ तारखेच्या सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली आणि क्षणभर वाटले, की नागपूरकरांनी डाव मारला. याच वेळी कॅप्टन फिट्झजेराल्डने घोडदळ घेऊन मैदानात धाव घेतली आणि तेथील तोफा हस्तगत केल्या. टेकडीवर अरबांच्या गर्दीत दारूगोळ्याचा एक गाडा उडाला, त्या गोंधळात इंग्रजी पायदळाने टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सारे संपले. कंपनीची जखमी आणि मृत मिळून ३६७ माणसे कामी आली. रेसिडेंटचा साहाय्यक सोदेबी हाही त्यांत होता.

किल्ल्यावर या लढाईत पडलेल्या इंग्रजांच्या कबरी आहेत. पण त्यांच्या बाजूने लढलेले बहुसंख्य शिपाई मद्रासकडचे आणि उत्तरेकडचे होते, ही गोष्ट त्या कबरी सांगत नाहीत. त्यांच्यापैकी चोविसाव्या पलटणीची कथा तर मनाला चटका लावणारी आहे. १८०६ च्या वेलोरच्या उठावात सामील झाल्यामुळे मद्रासची पहिली पलटण मोडण्यात आली होती आणि तिच्या जागी ही चोविसावी उभी राहिली. सीताबर्डीच्या विजयानंतर बक्षीस म्हणून काय हवे, असे विचारले असता या शिपायांनी आपला जुना क्रमांक परत मागितला, आणि तो त्यांना मिळाला. धन्याविरुद्ध उठलेल्या पलटणीचा कलंक त्यांनी नागपूरकरांच्या रक्ताने धुतला. यात कोणाला देशभक्त म्हणावे आणि कोणाला देशद्रोही? आजच्या कल्पना दोनशे वर्षांमागे नेऊन लावल्या, तर उत्तर सापडण्याऐवजी प्रश्नच हरवतो. नागपूरच्या बाजूचे अरब पगारी लढवय्ये होते. इंग्रजांच्या बाजूचे शिपाईही तसेच. पण पोटासाठी लढणारा माणूसही शेवटी मरतो तो स्वतःचेच मरण.

आणि नागपूरकरांचे मेलेले? त्यांच्या नावाचा दगड त्या टेकडीवर नाही. पुढे १८५७ च्या उठावातील नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना येथे फाशी दिल्याचे सांगतात. त्यांची ‘नवगजा’ कबर लोकांनी श्रद्धेने जपली आहे. लोकांनी एका पिढीला स्मृतीत जागा दिली, तिच्या आधीच्या पिढीला मात्र दिली नाही.

पुढचा अंक नागपूर शहरात घडला. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठी कुमक घेऊन पोचला. १६ तारखेला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले, तरी त्यांच्या सैन्याने हत्यार ठेवले नाही आणि सक्करदऱ्याच्या बाजूला दुसरी लढाई झाली. त्यानंतर अरबांनी शहरातील राजवाडा आणि कोट धरून ठेवला. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतवून लावला आणि मगच अटी ठरवून ते डिसेंबरअखेर बाहेर पडले. तो जुम्मा दरवाजा आज ‘गांधी गेट’ म्हणून ओळखला जातो. महालात खरेदीसाठी रोज हजारो माणसे त्याच्या खालून जातात. वर मान करून पाहणारा विरळा.

महादेवाचे डोंगर

मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना कैद करण्यात आले. आधीच्या वर्षी गादीवरील दुर्बळ परसोजीराजांचा झालेला खून आप्पासाहेबांच्या माथी आला होता. इतिहास लिहिणाऱ्याने हा डाग लपवता कामा नये. पराभूताविषयी सहानुभूती असणे निराळे आणि त्याला निष्कलंक ठरवणे निराळे. त्यांना प्रयागला नेत असताना १३ मे १८१८ रोजी जबलपूरजवळील रायचूर येथील मुक्कामातून ते पहारेकऱ्यांना फोडून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशाह याने त्यांना आसरा दिला. राजवाड्यात वाढलेल्या भोसल्याला शेवटचा आधार मिळाला तो गोंडांच्या झोपड्यांत. भोसल्यांचे राज्य ज्या देवगडच्या गोंड राजवटीवर उभे राहिले होते, त्याच गोंडवनाने ते बुडताना हात दिला, हा काळाचा न्याय विलक्षण म्हटला पाहिजे.

या काळातच मुलताई-बैतूलची वाट पेटली. जुलै १८१८ मध्ये बैतूलकडे निघालेल्या कॅप्टन स्पार्क्सच्या तुकडीला अरबांनी गाठले. स्पार्क्स आणि त्याचे जवळजवळ सारे लोक मारले गेले. मुलताईचे ठाणेही काही काळ आप्पासाहेबांच्या लोकांच्या हाती आले. तापीच्या उगमावर स्नानाला जाणाऱ्या भाविकाला हे ठाऊक नसते. तसेच चाळीस वर्षांनी, १८५८ च्या अखेरीस, नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरलेले तात्या टोपे याच मुलताईला आले होते, हेही त्याला कोणी सांगत नाही.

पचमढीची गोष्ट त्याहून अधिक विचार करायला लावणारी आहे. या गिरिस्थानाचा ‘शोध’ कॅप्टन फोर्सिथने लावला, असे प्रवाशांना सांगण्यात येते. त्याने बांधलेले बायसन लॉज दाखवतात. पण त्याच्या कितीतरी आधी इंग्रजांच्याच फौजा आप्पासाहेबांच्या मागावर हे डोंगर धुंडाळत होत्या आणि गोंड व कोरकू तर तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. शिवाय विदर्भातून आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या गावांतून मराठी माणूस या डोंगराकडे जात आलाच आहे. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या पायऱ्या चढणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या निसरड्या कडेकपारीतून ‘हर हर महादेव’च्या गजरात जाणारे यात्रेकरू पाहावेत. ज्या दऱ्यांनी एका पळालेल्या राजाला दडवले, त्यांतूनच त्यांचा रस्ता जातो. देवासाठी केलेल्या या यात्रेत इतिहासाची यात्राही आपोआप घडत असते. यात्रेकरूला तिची जाणीव नसते इतकेच.

असीरगड आणि शेवट

१८१९ च्या आरंभी डोंगरांभोवती फास आवळला जाऊ लागला, तेव्हा आप्पासाहेब पेंढाऱ्यांचा पुढारी चितू याच्यासह पश्चिमेकडे निसटले. चितूला पुढे जंगलात वाघाने मारले. आप्पासाहेब बुऱ्हाणपूरजवळील असीरगडाच्या आश्रयाला गेले. हा गड शिंद्यांचा होता आणि किल्लेदार होता यशवंतराव लाड. मार्चमध्ये डव्हटन आणि माल्कम यांनी गडाला वेढा घातला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी गड पडला. इंग्रज आत शिरले तेव्हा आप्पासाहेब तेथे नव्हते. त्यांनी पुढे पंजाबचा रस्ता धरला, हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांत दिवस काढले आणि अखेर जोधपूरच्या मानसिंग महाराजांनी त्यांना आसरा दिला. १८४० मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. नागपूर त्यांना पुन्हा दिसले नाही.

असीरगडावर आज प्रवाशाला फारुखी सुलतानांची मशीद दिसते, ओसाड इंग्रजी कबरस्तान दिसते आणि एक शिवालयही दिसते. त्या शिवालयात अश्वत्थामा रोज पहाटे येऊन फूल वाहून जातो, अशी लोकांची श्रद्धा आहे. कपाळावरची जखम घेऊन युगानुयुगे भटकणारा, मरण नाकारला गेलेला योद्धा! इंग्रजांच्या कबरींवर नावे कोरली गेली. यशवंतरावाच्या शिपायांची नावे राहिली नाहीत. पण लोकांच्या कल्पनेने त्या गडावर पराभूत योद्ध्यालाच अमर करून ठेवले. जे इतिहासाने केले नाही, ते कधीकधी दंतकथा करते.

पांढुर्ण्याच्या गोटमारीचेही असेच म्हणता येईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांची माणसे एकमेकांवर दगड फेकतात. कोणी त्यामागे पळवून आणलेल्या वधूची कथा सांगतो, कोणी जुन्या लढाईची. रक्त दरवर्षी खरे सांडते. त्याचे कारण मात्र दंतकथेत विरून गेले आहे. इतिहास नोंदवला नाही, तर युद्धाचे काय होते, याचे हे जिवंत उदाहरण मानावे लागेल.

स्मारक कोणाचे?

स्मारक उभारणारा त्याला एक अर्थ देतो. त्याला भेट देणारे मात्र त्याचा अर्थ बदलू शकतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ कंपनीने १८२१ मध्ये आपल्या विजयासाठी उभारला. परंतु त्यावर पडलेल्या हिंदी शिपायांची नावे कोरलेली होती आणि त्यांत महार सैनिकांची नावे लक्षणीय होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. त्या भेटीनंतर तो स्तंभ कंपनीचा राहिला नाही. अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या समाजाला आपल्या पराक्रमाची आणि माणुसकीच्या हक्काची साक्ष त्यात दिसली. नावे कोरलेली होती म्हणून हे घडू शकले. सीताबर्डीवर मराठ्यांच्या बाजूने पडलेल्यांची नावे कोरलेली असती, तर कोणत्या वस्त्यांतून, कोणत्या जातींतून, कोणत्या देशांतून तेथे माणसे आली असती, याची कल्पनाच करावी लागते.

दुसरे उदाहरण दूरच्या इटलीतले आहे. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथील टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. २०२३ मध्ये माँतोने या गावात त्यांच्या नावाने एक सूर्यघटिका उभारण्यात आली. परक्या भूमीतील गावकऱ्यांनी एका कोकणी तरुणाचे नाव जपले. आपल्या पायाखालच्या भूमीत पडलेल्यांविषयी आपण एवढे तरी केले आहे काय?

या विस्मरणाचे एक कारण आपल्या भागाच्या भाग्यरेषेतच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि वऱ्हाड एका राज्यात गेले, तर छिंदवाडा, बैतूल आणि असीरगड दुसऱ्या राज्यात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातच. लढाई एक होती, पण तिची अर्धी भूमी महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात मावली नाही आणि उरलेली अर्धी मध्य प्रदेशच्या पाठ्यपुस्तकाला परकी वाटली. सीमेवरच्या मराठी मुलाला पानिपत शिकवले जाते आणि ते शिकवलेच पाहिजे. मात्र आपल्या घरापासून दिवसभराच्या अंतरावरची सीताबर्डी त्याला उपरी राहते.

अशा वेळी जबाबदारी येते ती ग्रंथालयावर. दगडावर ज्यांचे नाव नाही, त्यांना कागदावर तरी जागा मिळावी लागते. यादव माधव काळे यांनी ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ मध्ये सिद्ध केला, तो अशाच ऋणाच्या जाणिवेतून. हा ग्रंथ ज्या कपाटात आहे, ते कपाटही एक स्मारक मानले पाहिजे. त्याला कुलूप असले आणि ते कोणी उघडत नसले, तर त्याची आणि बंद किल्ल्याची गत सारखीच. मोहगावहून पचमढीला जाणाऱ्या यात्रेकरूने, नागपूरला खरेदीसाठी जाणाऱ्या कुटुंबाने, बुऱ्हाणपूरकडे निघालेल्या प्रवाशाने आधी ग्रंथालयात येऊन त्या इतिहासाची चार पाने वाचावीत आणि मग निघावे. गांधी गेटखाली तो क्षणभर थांबेल. नागद्वारीच्या वाटेवर गोंडांच्या एखाद्या पाड्याकडे तो निराळ्या नजरेने पाहील. असीरगडाच्या शिवालयात फूल दिसले, तर ते कोणी वाहिले याची चर्चा करण्याऐवजी ते कोणासाठी आहे हे त्याला उमगेल.